शंकेची चौकट

नियमांच्या पुस्तकात धक्क्याला चार नावं होती. मला एकच माहीत होतं, आणि त्या चारांचं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझं डोकं तापायला सुरुवात झाली ती तिथूनच.

मी मराठी शिकवते. शिवाजी पेठेतल्या मुलींच्या एका शाळेत बावीस वर्षं शिकवते आहे. यंत्रांशी माझा संबंध मिक्सर आणि स्कूटीपुरता. पण त्या वर्षी कुणा भल्या माणसानं शाळेला रोबोटिक्सचा एक मोठा खोका दिला. विज्ञानाच्या सरांनी तो उघडून पाहिला आणि महिन्याभरात दुसऱ्या शाळेची नोकरी धरली. मग मुख्याध्यापकांनी वेळापत्रकावर बोट ठेवून सांगितलं की शेवटचा तास फक्त माझाच मोकळा आहे. "तुम्ही नुसतं बसायचं मॅडम, मुली करतात सगळं," ते म्हणाले. नुसतं बसणं मला जन्मात जमलेलं नाही, हे त्यांना एव्हाना कळायला हवं होतं.

मुली चार होत्या, सगळ्या नववीच्या. दोघी जोडणाऱ्या, त्यांची तोंडं कायम खोक्यात असायची. तिसरीच्या घरी म्हशी, त्यामुळे पहाटेपासून ओरडायची सवय. तिचा आवाज मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत जायचा. आणि चौथी रिमोट चालवणारी. तिच्या वडिलांचं पेठेतच मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पोरगी लहानपणापासून तिथं बसून तांब्याची तार गुंडाळत आलेली, त्यामुळे हात असा स्थिर की बघत राहावं. बोलायची मात्र जेमतेम. प्रगतिपुस्तकात मी तिला दोन वर्षं ओळीनं 'अबोल आहे' असा शेरा दिला होता.

रोबोटला आम्ही गाडी म्हणायचो. पुस्तकात 'यंत्रमानव' असतो, पण त्याला हात ना तोंड, चार चाकं आणि पुढं चेंडू उचलणारं सूप. माणूस म्हणावं असं त्यात काय होतं?

इथं एक सांगून टाकते, कारण पुढं ते लागणार आहे. आमच्या कोल्हापुरात पोरीबाळी सर्रास 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. माझी आई तसंच बोलायची, मीही लहानपणी तसंच बोलायचे. पण मराठीची बाई झाल्यापासून मी वर्गात ते चालू देत नाही. कुणी उभं राहून 'मी सांगतो बाई' म्हणालं की मी तिथल्या तिथं 'सांगते म्हण' म्हणते आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावते. म्हशीवालीला याचा ढिम्म फरक पडत नसे. ती तीनदा दुरुस्त करून घ्यायची आणि चौथ्यांदा 'सांगतो'च म्हणायची. बाकीच्यांचं काय होत असे, हा विचार मी कधी केला नव्हता.

तर ते पुस्तक. साठेक पानं, सगळं इंग्रजीत, आणि इंग्रजीही अशी की प्रत्येक वाक्याला दोन शेपट्या. मी एक दोनशेपानी वही केली आणि एकेक नियम मराठीत उतरवायला घेतला. खेळ समजायला सोपा होता. बारा फुटी चौकोन, भोवती गुडघ्याएवढी भिंत, आत समोरासमोर दोन संघांच्या दोन गाड्या, वेळ अडीच मिनिटं. चेंडू खालच्या टोपलीत टाकला तर एक गुण, वरच्या टोपलीत टाकला तर तीन. वेळ संपताना गाडी आपल्या ओट्यावर चढवून उभी केली तर दहा. इथवर कुणाचंच भांडण नव्हतं. भांडण सुरू झालं ते गाड्या एकमेकींना भिडायला लागल्यावर.

लागणं, ढकलणं, ठोकणं आणि दाबून धरणं. मी केलेली चार नावं ही. जाता जाता लागलं तर काही नाही. वाट अडवून ढकललं तर चालतं, तो खेळाचाच भाग. लांबून वेग घेऊन ठोकलं तर फाऊल. दाबून धरणं मात्र पाच मोजेपर्यंत चालतं, मग दोन फूट मागं सरायचं. पहिले तीन प्रकार मुलींना एका मिनिटात कळले. पेठेतल्या पोरी त्या, फुटबॉलमध्ये खांद्याला खांदा कधी चालतो आणि कधी शिट्टी वाजते, हे त्यांना पाढ्यांच्या आधी येतं. चौथ्याला मी आधी 'चीत करणे' असं लिहिलं होतं. म्हशीवाली लगेच म्हणाली, "मग झालं की बाई. चीत केली की जिंकलो, मोजायचं कशाला?" तिचं बरोबर होतं, माझा शब्द चुकीचा होता. मी तो खोडला आणि 'भिंतीशी दाबून धरणे' असं लिहिलं. शब्द चुकला की खेळ उलटा होतो, हे मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

सगळ्यांत वैताग आणला कोपऱ्याच्या नियमानं. प्रत्येक संघाला रंगीत पट्टीनं आखलेला एक कोपरा. तिथं त्या संघाची मुलं आपल्या गाडीला हातानं चेंडू देतात. समोरच्याची गाडी त्या कोपऱ्यात असताना दोन गाड्या एकमेकींना लागल्या, तर कोपरा ज्यांचा त्यांना दहा गुण. धक्का कुणी मारला हे विचारायचंच नाही.

"म्हंजे आपन गप उभं हाय आन त्यांनी यून धडकलं, तरी आपलाच फाऊल?" म्हशीवालीनं विचारलं.

"दुसऱ्याच्या घरात गप उभं राहायचं कशाला?" मी म्हटलं, पण मलाही ते पटलं नव्हतं. पुढच्या पानावर सुटकेची एक ओळ सापडली: समोरच्या गाडीनं ढकलून तुम्हाला कोपऱ्यात नेलं असेल, तर फाऊल तुमचा नाही. मी ती ओळ वहीत लाल पेनानं दोनदा अधोरेखित केली. रिमोटवालीनं पुस्तक मागून घेतलं आणि ते पान तिनं स्वतः वाचलं. मला वाटलं, चित्रं बघत असेल.

शेवटचा नियम शंकेचा. मैदानाच्या बाजूला जमिनीवर टेपनं एक लहान चौकट आखलेली असते. पंचांचा निर्णय पटला नाही, तर संघाच्या प्रतिनिधीनं त्या चौकटीत उभं राहायचं, नियमाचा क्रमांक सांगायचा आणि आपली शंका मांडायची. माझ्या वहीत मी लिहिलं: 'शंका संघाच्या प्रतिनिधीने मांडावी.' सुटसुटीत, व्याकरणशुद्ध वाक्य. लिहून झाल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

माझे वडील तालमीत वस्ताद होते. मुलींना आत प्रवेश नव्हता, पण जत्रेच्या मैदानावर ते मला खांद्यावर घेऊन जायचे. तिथं मी एक गोष्ट पक्की शिकले. कुस्ती वादाची झाली तर पैलवान बोलत नाही. तो मातीत कमरेवर हात ठेवून उभा राहतो, आणि वस्ताद फेटा सावरत पंचांकडं चालत जातो. पैलवानाचं अंग आणि वस्तादाचं तोंड, अशी ती वाटणी. माझ्या वडिलांनी तीन कुस्त्या निव्वळ तोंडाच्या जोरावर फिरवल्या होत्या आणि घरी त्याचा अभिमान होता. 'प्रतिनिधी' हा शब्द मी लिहिला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं दुसरं कोण येणार होतं?

स्पर्धा कळंब्याच्या पुढं एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये होती. जो संघ जिंकेल तो पुण्याला राज्याच्या फेरीत. पुढच्या वर्षी आमच्या मुलींची दहावी, आणि दहावीत गेलेल्या पोरीला आपल्याकडं शिंकायलाही परवानगी नसते. रिमोटवालीच्या वडिलांनी मला दुकानात बसवून चहा पाजला होता आणि सांगितलं होतं, "बाई, ह्या वर्षी काय ती हौस करू द्या तिला. पुण्याला न्यायचं झालं तर मी न्हाय म्हननार न्हाय. पर पुढच्या वर्साचं इचारू नका." त्यामुळे पुणं गाठायचं तर याच वर्षी, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

आम्ही पाच सामने खेळलो आणि पाचही जिंकलो. सहाव्या आणि शेवटच्या सामन्यात समोर एका मोठ्या शाळेचा संघ होता. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, गाडीला रंगीत दिवे. मुलं वाईट नव्हती. त्यांच्यातल्या एकानं आमच्या जोडणाऱ्या मुलीला स्क्रू-ड्रायव्हर दिला होता. त्यांच्यावर माझा राग नाही. एवढे लोक सोडून बाकी सगळ्यांवर आहे.

शेवटची वीस सेकंद राहिली होती. आम्ही चार गुणांनी पुढं. आमची गाडी मधल्या रेषेवर त्यांची वाट अडवून उभी होती, नियमात बसेल तशी. त्यांच्या गाडीनं बाजूनं येऊन आमच्या गाडीला रेटा दिला आणि रेटत रेटत स्वतःच्या कोपऱ्यात नेलं. आमची चाकं उलटी फिरत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. रिमोटवाली मागं ओढायचा जिवाच्या आकांतानं प्रयत्न करत होती. गाडी पट्टीच्या आत गेली आणि पंचानं झेंडा वर केला. कॉलेजातलाच मुलगा होता, मिसरूड फुटलेला. दहा गुण त्यांना. फलकावर चव्वेचाळीस–अडतीस लागले. तो फाऊल नसता, तर चौतीस–अडतीस, आणि आम्ही पुण्याला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओळ मी लाल पेनानं दोनदा अधोरेखित केली होती. मी खुर्ची सोडली, पालकांसाठी लावलेली दोरी ओलांडली आणि तरातरा निघाले. कुणीतरी "मॅडम, इकडं नाही" म्हणालं. मी ऐकलं नाही.

चौकटीत रिमोटवाली आधीच उभी होती. हे मी पाहिलं होतं, खोटं बोलणार नाही. पाय जुळवून, हात मागं बांधून, ओठ हलवत उभी होती, पाठांतराला उभी राहतात तशी. तिच्यासमोर मुख्य पंच येत होत्या, चाळिशीतल्या बाई, गळ्यात शिट्टी. मी चौकटीत पाय ठेवला, पोरीच्या खांद्याला धरून तिला बाजूला केलं आणि म्हटलं, "तू थांब. मी बघते."

मग मी बोलले. काय सुंदर बोलले म्हणून सांगू! मुद्देसूद, खणखणीत, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं. ढकलून नेलं तर फाऊल नाही, चाकं उलटी फिरत होती, तुमच्या मुलाला डोळे आहेत की बटणं, सगळं बोलले. मागं म्हशीवाली "बराबर हाय बाई" म्हणत होती. माझे वडील असते तर त्यांनी मान डोलावली असती.

मुख्य पंच शांतपणे ऐकत राहिल्या. शांत माणसांचा मला तिटकारा आहे. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात ना? शंका विद्यार्थ्यानंच मांडायची असते. मोठ्या माणसानं चौकटीत येऊन मांडली, तर ती शंका बाद होते. आणि एका सामन्याला एकच शंका."

"असं कुठंही लिहिलेलं नाही," मी म्हटलं आणि वही उघडून दाखवली. 'शंका संघाच्या प्रतिनिधीने मांडावी.'

त्यांनी छापील पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. इंग्रजीत 'प्रतिनिधी'च्या आधी एक शब्द होता, विद्यार्थी. खाली आणखी एक ओळ होती, मोठ्या माणसांबद्दल. ती मी अख्खीच गाळली होती, कारण पहिल्या ओळीतच सगळं आलं असं मला वाटलं होतं. मुलीनं एवढा शब्द परीक्षेत गाळला असता, तर मी अर्धा गुण कापला असता.

मी तरीही भांडले. म्हटलं, माझी शंका बाद करा, पण पोरीचं ऐका, ती माझ्या आधी उभी होती. त्या म्हणाल्या, तिनं तोंड उघडायच्या आत तुम्ही उघडलंत. म्हटलं, चूक माझी आणि शिक्षा पोरींना, हा कुठला न्याय? त्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांच्या तोंडावर मात्र स्पष्ट दिसत होतं की हा प्रश्न मी चुकीच्या माणसाला विचारते आहे. मग बक्षीस समारंभ झाला. व्यासपीठावरच्या एका गृहस्थांनी सांगितलं की जिंकणं महत्त्वाचं नाही, शिकणं महत्त्वाचं आहे. पायातली हातात घ्यावीशी वाटली. ज्यांना पुण्याला जायचं असतं, त्यांना जिंकणंच महत्त्वाचं असतं. उरलेल्यांना असली वाक्यं देतात.

परतीला म्हशीवालीच्या वडिलांचा दुधाचा टेम्पो होता. मागं रिकाम्या किटल्या, त्यांच्यामध्ये गाडीचा खोका, आणि आम्ही पाचजणी. किटल्या एकमेकींवर आपटत होत्या. कळंब्याच्या तळ्याजवळ आल्यावर मला ते गप्प बसणं सोसेना.

"अन्याय झाला आपल्यावर," मी म्हटलं. "मी पत्र लिहिणार आहे."

मग रिमोटवाली, खोक्यावर हात ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, त्यात 'स्टुडंट' हाय, म्हाईत हुतं मला."

"काय माहीत होतं?"

"त्यो शब्द. तुमची वही आन पुस्तक, दोन्ही शेजारी ठिवून वाचत हुतो मी. तुमच्या वहीत न्हाय, पुस्तकात हाय."

"कधी कळलं तुला?"

"पयल्याच आठवड्यात."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" माझा आवाज चढला. अजूनही चढतच होता.

"सांगाय आलतो की. टीचर्स रूममधे. 'बाई, मी एक सांगतो' म्हटलं. तुम्ही म्हटला, 'सांगते म्हण.' मग मी परत पयल्यापासनं म्हनाय लागलो, तवर बेल झाली. तुम्ही गेलासा."

मला तो दिवस आठवत नाही. तेच सगळ्यात वाईट. असे दिवस इतके झाले असतील की त्यातला एक वेगळा काढून दाखवता येत नाही.

"आणि आज?" मी विचारलं. "आज चौकटीत? मला 'बाजूला सरा' म्हणायचं होतंस."

"आज तुम्हीच बोलाय लागला हुतासा की," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. रागाशी कसं वागायचं ते मला येतं.

मी म्हटलं, "मग आता सांग. काय सांगणार होतीस?"

तिनं एकदा बाकीच्या तिघींकडं बघितलं. मग हलत्या टेम्पोत, किटल्यांमध्ये, ती पाय जुळवून उभी राहिली. एका हातानं वरचा दांडा धरला होता. नियमाचा क्रमांक तिनं इंग्रजीत सांगितला. मग म्हणाली, "आमची गाडी मधल्या लाइनीवर हुती. त्यांनी बाजूनं ढकलली. वीस सेकंद ऱ्हायली हुती तवा. मी रिव्हर्स दिलता, चाकं उलटी फिरत हुती. तुमच्या कॅमेऱ्यात दिसंल, बघा. आमी आपनहून गेलो न्हाय, आमाला नेलंय. म्हनून ह्यो फाऊल आमचा न्हाय."

एवढंच. माझ्या भाषणाच्या पाव हिश्शाएवढंही नव्हतं. कॅमेऱ्याची गोष्ट तर मला सुचलीच नव्हती. छताला चार कॅमेरे होते आणि मी पंचाच्या डोळ्यांवरून भांडत होते. तिच्या बोलण्यात चुकीचा असा एक शब्द नव्हता.

तो झेंडा चुकीचा होता, हे मी आजही म्हणते. त्या मिसरूडवाल्या पोराचा मला आजही राग येतो. पण चुकीचा झेंडा उतरवता येत होता, आणि तो उतरवू शकणारी मुलगी चौकटीत उभी होती. तिला खांद्याला धरून बाहेर कुणी काढलं, हे हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. पत्र मी लिहिलं नाही. कुणाच्या नावानं लिहिणार होते?

टेम्पो पेठेत शाळेच्या फाटकाशी थांबला. तिचे वडील दुकानाचं शटर अर्धं ओढून तिथं येऊन थांबले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि ते काही न विचारता खोका उतरवायला पुढं झाले. खोका आत ठेवून झाल्यावर मुलगी परत माझ्यापाशी आली.

"येतो बाई," ती म्हणाली.

माझं तोंड सवयीनं उघडलं होतं. मी ते मिटलं, आणि मग म्हटलं, "ये."